सोयाबीन पेंड आणि कोंड्यावरच्या मत्स्यखाद्यात फायटेज कसे वापरावे

रोहू-कटल्याच्या तळ्यासाठी घरी खाद्य बनवणारा शेतकरी साधारणपणे सोयाबीनची डीओसी (तेल काढलेली पेंड), तेल काढलेला भाताचा कोंडा, भुईमुगाची पेंड आणि थोडा मक्याचा भरडा एकत्र करतो. १०० किलो खाद्यात ३५ किलो डीओसी, ४० किलो कोंडा, १५ किलो भुईमूग पेंड आणि १० किलो मका धरला, तर त्या मिश्रणात सुमारे एक किलो स्फुरद (फॉस्फरस) असते. कार्प जातीच्या माशांना खाद्याच्या ०.६ ते ०.७ टक्के, म्हणजे १०० किलोमागे ६०० ते ७०० ग्रॅम स्फुरद अंगी लागावे लागते, त्यामुळे कागदावर हे खाद्य पुरेसे दिसते. प्रत्यक्षात त्या किलोभर स्फुरदापैकी जवळपास तीन चतुर्थांश भाग फायटिक आम्लाच्या रूपात अडकलेला असतो आणि तो फोडण्याचे साधन माशाच्या पोटात जवळजवळ नसते. हाताशी उरतात ते जेमतेम अडीचशे ग्रॅम. बाकीचे स्फुरद विष्ठेतून पाण्यात जाते, तळ्यात शेवाळ माजवते आणि मासा मात्र स्फुरदाला वंचित राहतो.

फायटेज हे विकर, म्हणजे एन्झाइम, नेमके हे अडकलेले स्फुरद मोकळे करते. फायटिक आम्लाच्या एका कड्यावर फॉस्फेटचे सहा गट असतात आणि फायटेज त्यांतील एकेक गट सोडवत जाते. शिवाय फायटिक आम्ल जस्त, लोह, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांनाही धरून ठेवते आणि प्रथिनांशी जोडले जाऊन त्यांचे पचन मंदावते, त्यामुळे ते फुटले की स्फुरदाबरोबर या गोष्टीही थोड्याफार सुटतात. हे विकर १९०७ साली जपानमध्ये सुझुकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना भाताच्या कोंड्यातच सापडले, आणि १९९१ पासून ते पशुखाद्यासाठी बाजारात मिळू लागले. डुक्कर आणि कोंबडी यांच्या खाद्यात ते आज सर्रास वापरले जाते. तिथला वापर जसाच्या तसा माशांवर लादल्यामुळे मात्र पुष्कळ पैसे वाया जातात, आणि हे मार्गदर्शन लिहिण्याचे कारणही तेच आहे. पुडीवर लिहिलेली मात्रा खाद्यात मिसळली म्हणजे काम झाले असे होत नाही, कारण विकराला काम करण्यासाठी ओलावा, योग्य सामू (पीएच), ऊब आणि वेळ लागतो, आणि हे चारही त्याला कुठे मिळणार हे आधी ठरवावे लागते.

आपल्या माशाला जठर आहे का?

पहिला प्रश्न हाच विचारावा. बाजारातली बहुतेक फायटेजे आम्लधर्मी माध्यमात काम करतात. त्यांचा उत्तम सामू बहुधा ४ ते ५.५ च्या आसपास असतो. तिलापिया, पंगस, मागूर आणि ट्राउट यांना जठर असते आणि त्यात आम्ल स्रवते, म्हणून खाद्याबरोबर गेलेले फायटेज तिथे काम करू शकते. रोहू, कटला, मृगळ, सायप्रिनस आणि गवत्या या कार्प माशांना जठरच नसते. घास अन्ननलिकेतून थेट आतड्यात जातो आणि तिथला सामू उदासीन किंवा किंचित अल्कधर्मी असतो. अशा आतड्यात फायटेज पूर्णपणे निकामी होते असे नाही, परंतु त्याचा वेग पुष्कळ घटतो. कोळंबीच्या बाबतीतही आम्लधर्मी जठराची अपेक्षा ठेवू नये.

मुंबईच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेतील संशोधकांनी रोहूच्या बोटुकल्यांवर याच अडचणीतून वाट शोधली होती. त्यांनी खाद्यात किलोमागे ५०० एफटीयू (विकराची ताकद मोजण्याचे एकक) फायटेज आणि सोबत ३ टक्के सायट्रिक आम्ल देऊन हाडांतील खनिजांवर होणारा परिणाम तपासला. आम्लामुळे आतड्यातील परिस्थिती विकराला अनुकूल होते हा त्यामागचा विचार अगदी योग्य आहे. तथापि १०० किलो खाद्यात तीन किलो सायट्रिक आम्ल घालणे लहान शेतकऱ्याला परवडत नाही, आणि म्हणून कार्पसाठी मी वेगळा मार्ग सुचवतो. विकराचे काम माशाच्या पोटावर न सोडता खाद्य बनवण्यापूर्वीच उरकून घ्यावे.

कार्पसाठी: आधी भिजवून घेण्याची पद्धत

गाईम्हशींसाठी आंबोण भिजवणाऱ्या घराला ही पद्धत समजायला वेळ लागणार नाही. फरक इतकाच की येथे तापमान, सामू आणि वेळ मोजून पाळायचे असतात.

वरच्या मिश्रणातील डीओसी आणि कोंडा हे दोनच घटक, म्हणजे मिळून ७५ किलो, भिजवायचे, कारण अडकलेले स्फुरद बहुतांशी त्यांच्यातच असते. मका बाजूला ठेवावा. त्यातले पिष्ट पुढे शिजवताना चिकटपणासाठी उपयोगी पडते. किलोमागे १,००० एफटीयू धरल्यास ७५ किलोला ७५,००० एफटीयू लागतात. आपल्याकडील पावडर ग्रॅममागे ५,००० एफटीयू क्षमतेची असेल, तर १५ ग्रॅम पुरे. एक एफटीयू म्हणजे ३७ अंश सेल्सिअस आणि ५.५ सामू असताना सोडियम फायटेटमधून मिनिटाला एक मायक्रोमोल फॉस्फेट मोकळे करणारी विकराची मात्रा. पुडीवर निव्वळ 'ग्रॅम प्रति टन' लिहिलेले असेल आणि एफटीयूचा आकडा नसेल, तर ते उत्पादन घेऊ नये.

पंधरा ग्रॅम पावडर ७५ किलो मालात कोरडी मिसळणे अशक्य आहे, म्हणून ती पाण्यातूनच न्यावी. प्लास्टिकच्या स्वच्छ पिंपात मालाच्या वजनाइतके, म्हणजे सुमारे ७५ लिटर, पाणी घ्यावे आणि ते ५५ अंशांपर्यंत तापवावे. हाताने अंदाज घेऊ नये, कारण हाताला 'बऱ्यापैकी गरम' वाटणारे पाणी ४५ अंशांचे असू शकते आणि ६५ अंशांचेही. दुसऱ्या परिस्थितीत बहुतेक विकरे काही मिनिटांत मरू लागतात. दुग्धव्यवसायात वापरला जाणारा साधा थर्मामीटर पुरेसा आहे. त्या पाण्यात आधी डीओसी आणि कोंडा कालवून घ्यावेत, त्यामुळे मिश्रण आपोआप ५० अंशांच्या आसपास उतरते. मग किराणा दुकानात लिंबूसत्त्व म्हणून मिळणारे सायट्रिक आम्ल थोडे थोडे विरघळवून घालत जावे आणि प्रत्येक वेळी नीट ढवळून सामूपट्टी बुडवून पाहावी. सोयाबीनची पेंड आम्ल बरेच शोषते, म्हणून पहिल्या ओतण्यानंतर पट्टीचा रंग फारसा बदलत नाही आणि माणूस घाईने जास्त आम्ल ओततो. पाच मिनिटे थांबून पुन्हा पाहिले की खरा आकडा कळतो. सामू ५ ते ५.५ वर आला की आम्ल थांबवावे. आता पंधरा ग्रॅम फायटेज दोन लिटर कोमट पाण्यात विरघळवून मिश्रणावर शिंपडत ढवळावे, पिंपाला झाकण लावावे आणि बाहेरून गोणपाटाची दोन-तीन वेढणी द्यावीत.

चार ते सहा तास ठेवावे, मध्ये दोनदा ढवळावे आणि तापमान ४५ अंशांखाली जाऊ लागल्यास थोडे गरम पाणी घालावे. मिश्रण रात्रभर थंड होत पडू देऊ नये. चाळीस अंशांखाली गेलेल्या ओल्या पेंडीत आपल्याला नको असलेले जिवाणू वाढू लागतात, आणि सकाळी झाकण उघडल्यावर सडका किंवा अमोनियासारखा वास आला तर ते खाद्य माशांना देऊ नये. थोडा आंबूस वास चालतो.

या पद्धतीचा मोठा लाभ असा की विकराचे काम संपलेले असल्यामुळे पुढे खाद्य कितीही तापवले तरी बिघडत नाही. भिजवलेल्या मालात भुईमूग पेंड, मका, खनिजे आणि चिकटवणारा पदार्थ मिसळून ते वाफवता येते, गोळीयंत्रातून काढता येते आणि वाळवता येते. ओलावा १० ते १२ टक्क्यांखाली आणल्याशिवाय गोळ्या पोत्यात भरू नयेत, अन्यथा बुरशी धरते. जीवनसत्त्वे मात्र वाफवल्यानंतरच घालावीत.

विकत घेतलेली पावडरही न वापरता काही काम साधता येते, आणि ही गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते. गव्हाच्या कोंड्यात स्वतःचे फायटेज भरपूर असते, सोयाबीन आणि मक्यात ते अगदी नगण्य असते. पिठाच्या गिरणीतला ताजा, न भाजलेला गव्हाचा कोंडा भिजवण्याच्या मालात १० ते १५ टक्के घातला, तर त्याच सामूला आणि त्याच उबेला तोही फायटिक आम्ल फोडू लागतो. त्याची ताकद खेपेनुसार बदलते, म्हणून त्यावर पूर्ण विसंबून राहू नये. पण ज्याला पावडर मिळत नाही त्याने निदान एवढे करावेच.

तिलापिया आणि पंगससाठी: गोळीवर लेप

महाराष्ट्रातील जलाशयांत पिंजऱ्यांतून वाढवल्या जाणाऱ्या तिलापिया आणि पंगस यांना बहुधा कारखान्याचे तरंगते गोळीखाद्य दिले जाते. ही गोळी तरंगावी म्हणून एक्स्ट्रूडर यंत्रात मिश्रण ११० ते १५० अंशांवर दाबाखाली शिजते. साध्या गोळीयंत्रात तापमान ७० ते ९० अंश असते आणि उष्णता सहन करणारी काही लेपित फायटेजे तिथे तग धरतात, परंतु एक्स्ट्रूडरमध्ये आधी घातलेले विकर फारसे शिल्लक राहत नाही. म्हणून खाद्य कंपनी 'विकरयुक्त' असे सांगत असेल, तर विकर गोळी बनण्यापूर्वी घातले की नंतर, आणि तयार गोळीत प्रयोगशाळेने किती एफटीयू मोजले, हे दोन प्रश्न विक्रेत्याला विचारावेत. प्रामाणिक कंपनीकडे दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर लेखी असते.

स्वतः लेप द्यायचा असल्यास १०० किलो गोळ्यांसाठी, किलोमागे १,००० एफटीयूच्या हिशेबाने, वरील ताकदीची २० ग्रॅम पावडर एक ते दीड लिटर स्वच्छ पाण्यात विरघळवावी. गोळ्या पूर्ण थंड झालेल्या असाव्यात. छोटे काँक्रीट मिक्सर धुऊन-वाळवून या कामासाठी राखून ठेवल्यास उत्तम. गोळ्या फिरत असताना फवारणी पंपाने बारीक तुषार मारावेत, जेणेकरून पाणी एका जागी साचून गोळ्या फुगणार नाहीत. पंधरा मिनिटांनी, पाणी आत मुरल्यावर, एक किलो माशाचे किंवा सोयाबीनचे तेल त्याच पद्धतीने द्यावे. तेलाचा हा थर गोळी पाण्यात पडल्यावर विकर धुऊन जाण्यापासून वाचवतो. नंतर सावलीत पातळ पसरून वाळवावे आणि आठवडाभरात संपेल एवढेच खाद्य एका वेळी तयार करावे.

पुड कालवून किंवा छिद्रे पाडलेल्या पिशव्या पाण्यात टांगून खाद्य देणाऱ्यांनी विकर लेपण्याच्या किंवा कोरडे मिसळण्याच्या फंदात पडू नये. मासा चोखून चोखून खाईपर्यंत विकर पाण्यात उतरलेले असते. त्यांच्यासाठी भिजवण्याचीच पद्धत योग्य आहे. कोळंबीही गोळी हळूहळू कुरतडते, त्यामुळे तिथेही हाच धोका असतो आणि लेपात चिकट पदार्थ लागतो.

पावडर हाताळताना नाकातोंडावर मास्क आणि हातांत मोजे असावेत. विकरांची धूळ वारंवार श्वासात गेल्यास ॲलर्जी आणि दमा होऊ शकतो, आणि हे काम बहुधा बंद खोलीत घरातल्याच माणसांकडून होत असते, म्हणून हा नियम कटाक्षाने पाळावा.

डीसीपी किती कमी करावी

फायटेजचा खर्च भरून निघतो तो खाद्यातून काहीतरी काढल्यावरच. खाद्यसूत्र तसेच ठेवून वरून विकर घातले, तर स्फुरदाची गरज आधीच भागलेल्या माशाची वाढ त्यामुळे फारशी सुधारत नाही, आणि सुटलेले जादा स्फुरद पाण्यातच जाते. काढण्याजोगा पहिला घटक म्हणजे डीसीपी, अर्थात स्फुरदासाठी वरून घातले जाणारे डायकॅल्शियम फॉस्फेट.

येथे कार्पच्या जठराचा प्रश्न पुन्हा पुढे येतो. डीसीपीमध्ये सुमारे १८ टक्के स्फुरद असते, पण सायप्रिनसवरील जुन्या जपानी प्रयोगांत त्यातले सुमारे ४६ टक्केच अंगी लागले, तर मोनोकॅल्शियम फॉस्फेटमधले ९४ टक्के लागले. हाडांच्या भुकटीत असते तशा ट्रायकॅल्शियम रूपातून केवळ १३ टक्के मिळाले. जठर असलेल्या ट्राउटमध्ये डीसीपीचा आकडा ७१ टक्के होता. यावरून कार्पसाठी माझा सल्ला स्पष्ट आहे: भिजवण्याची पद्धत सुरू केल्यावर डीसीपीचा एक तृतीयांश भाग कमी करावा आणि उरलेल्या डीसीपीच्या जागी शक्य असल्यास मोनोकॅल्शियम फॉस्फेट वापरावे. पहिल्याच हंगामात संपूर्ण डीसीपी काढून टाकण्याचे धाडस करू नये.

त्याच वेळी चुनखडी किंवा शिंपल्यांची भुकटी खाद्यात असेल तर तिची गरज पुन्हा तपासावी. जादा कॅल्शियम सामू वर नेते आणि फायटिक आम्लाशी न विरघळणारी जोडी करते, जिला फायटेज सहजी हात लावू शकत नाही. मासे पाण्यातून कल्ल्यांवाटे कॅल्शियम घेऊ शकतात, आणि आपल्याकडील बहुतेक विहिरी-तलावांच्या कठीण पाण्यात त्याची कमतरता क्वचितच असते.

इतर विकरे आणि त्यांच्या मर्यादा

झायलनेज, सेल्युलेज, मॅननेज आणि प्रोटिएज अशी विकरे एकाच पुडीत घालून 'सर्व प्रकारच्या खाद्यासाठी' विकली जातात. विकर निवडावे ते खाद्यातील घटक पाहून. इथेनॉल कारखान्यातून येणारी मक्याची डीडीजीएस (इथेनॉल काढल्यावर उरलेला वाळवलेला चोथा) किंवा गव्हाचा कोंडा जास्त असेल, तर त्यांतील तंतूंसाठी झायलनेजला अर्थ आहे. गवारीचा कोरमा वापरत असल्यास त्यातील चिकट गॅलॅक्टोमॅननसाठी मॅननेज हवे. प्रोटिएजचा उपयोग ज्यांची स्वतःची पचनव्यवस्था अपुरी असते अशा लहान बीजासाठी अधिक संभवतो. खाद्यात जो पदार्थ नाही, त्यासाठीच्या विकराचे पैसे देऊ नयेत.

काही दोष कोणत्याच पुडीने जात नाहीत. सरकी पेंडीतील गॉसिपॉल आणि बुरशी लागलेल्या भुईमूग पेंडीतील अफ्लाटॉक्सिन यांवर फायटेज किंवा झायलनेजचा काहीही परिणाम होत नाही. कच्च्या सोयाबीनमधील ट्रिप्सिनरोधक उष्णतेनेच जातो. म्हणून डीओसी नीट भाजलेली आहे की नाही, हे खरेदीपूर्वी युरिएज चाचणीने पाहावे. सोयाबीनमध्ये मिथिओनिन कमी असते, आणि ती उणीवही विकराने भरून निघत नाही.

खरेदी आणि साठवण

पावडर घेताना एफटीयूचा आकडा, उत्पादनाची तारीख आणि खेप क्रमांक पाहावा. विदर्भ-मराठवाड्यातील उन्हाळ्यात पत्र्याच्या गोदामात ठेवलेल्या पुडीची ताकद काही महिन्यांत बरीच उतरते. ती घरातल्या थंड, कोरड्या जागी हवाबंद डब्यात ठेवावी, आणि खनिज मिश्रणात किंवा कोलीन क्लोराइड असलेल्या जीवनसत्त्व मिश्रणात आधीच मिसळून ठेवू नये. त्यांच्या संगतीत ती लवकर खराब होते.

परिणाम कसा तपासावा

तळ्याच्या एकूण उत्पादनावरून विकराचा गुण ठरवता येत नाही, कारण पाणी, बीज आणि पाऊस दरवर्षी वेगळे असतात. त्यासाठी एकाच तळ्यात नऊ हापे (बारीक जाळीचे पिंजरे) लावावेत आणि प्रत्येकात सारख्या वजनाच्या, सारख्याच संख्येने बोटुकल्या सोडाव्यात. तीन हाप्यांना पूर्ण डीसीपी असलेले जुने खाद्य, तीन हाप्यांना डीसीपी कमी केलेले पण विकर नसलेले खाद्य, आणि तीन हाप्यांना डीसीपी कमी करून फायटेज वापरलेले खाद्य द्यावे. मधला गट अनेकजण वगळतात, पण सगळ्यात जास्त माहिती तोच देतो. तो गट जुन्या खाद्याइतकाच वाढला, तर मुळात आपण डीसीपी गरजेपेक्षा जास्त घालत होतो असा त्याचा अर्थ होतो, आणि मग विकराची गरजच उरत नाही.

आठ ते दहा आठवडे चाचणी चालवावी, दर पंधरा दिवसांनी वजन घ्यावे आणि शेवटी प्रत्येक हाप्यात दिलेले खाद्य भागिले वाढलेले वजन, म्हणजे एफसीआर, काढावा. पाण्याचे तापमानही रोज टिपावे; हिवाळ्यात ते उतरले की माशाच्या शरीरातील विकराचा वेग मंदावतो, म्हणून लेप दिलेल्या खाद्याची चाचणी मार्च ते सप्टेंबर या काळात घेणे चांगले. वजनाबरोबर माशाच्या अंगाकडेही पाहावे. स्फुरद कमी पडलेल्या सायप्रिनसमध्ये कपाळाचे हाड बेढब होते, पाठीचा कणा वाकडा होऊ शकतो आणि पोटात चरबी जास्त साठते, तरी पहिल्या काही आठवड्यांत वजन मात्र ठीकठाक दिसत राहते. म्हणून शेवटच्या वजनाच्या वेळी प्रत्येक गटातील काही मासे जवळच्या मत्स्य महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत देऊन हाडांच्या राखेचे प्रमाण तपासून घ्यावे. विकर दिलेल्या गटातील राख जुन्या खाद्याच्या गटाइतकी भरली, तर पुढच्या हंगामात डीसीपीचा आणखी एक हिस्सा कमी करावा आणि याच पद्धतीने पुन्हा मोजावे; ती कमी भरली, तर डीसीपी पूर्ववत करून आधी भिजवण्याचा सामू आणि तापमान यांच्या नोंदी तपासाव्यात.